ज्याची मोटार ऑटोवर

आमच्या शिवारात सगळ्यांनी विहिरीवरच्या मोटारीला ऑटो बसवलाय. लाईट आली की मोटार आपोआप चालू होती, रानात जायचा कंटाळा वाचतो. पण साऱ्या मोटारी एकदम वीज ओढायला लागल्या की डीपी, म्हंजी गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळती. मग गाव अंधारात आन माझी पिठाची गिरणी बंद.

यंदा दुसऱ्यांदा डीपी जळली तवा माझं डोकंच फिरलं. नवी बसली त्या सकाळी मी गिरणीच्या दारातच उभी राहिले. दळण घेऊन आलेल्यांना सांगितलं, "ज्याची मोटार ऑटोवर, त्याचं दळण मी घेणार न्हाई. ऑटो काढा, पाळीनं पाणी द्या."

"मंगलवहिनी, कावून एवढं ताणता?" शहादेव म्हणाला.

"घरी जातं हाय का तुझ्या? मग जा, दळ."

तो डबा तिथंच ठेवून रानाकडं गेला. त्याच्यामागं बाकीचेही गेले.

दुपारी लाईट आली. मी मुद्दाम रानात जाऊन बघितलं. पहिली पाळी शहादेवची, त्याच्या पाइपातून पाणी पडत होतं. बाकी शिवार शांत. फक्त आमच्या विहिरीवरचा पाइप धो धो वाहत होता. बांधावरची माणसं माझ्याकडं बघून हसत होती.

मी मोटार बंद केली, ऑटो उपसून पिशवीत टाकला आन घरी आले.

संध्याकाळी आमचे मालक जेवायला बसले. मी ताटात नुसतं कालवण वाढलं.

"आन भाकर?"

"तुमचं दळण घेतलं न्हाई."