नापास कौलं

कौल चांगलं की वाईट, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. शेवाळ चढलेलं काळंकुट्ट कौल आणखी पन्नास वर्षं टिकतं आणि लालबुंद, देखणं कौल दोन वर्षांत दगा देतं. म्हणून ते हातावर तोलून बोटाच्या पेराने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर पास. बद्द वाजलं तर आत कुठेतरी तडा आहे, नापास. माझ्या बाबांनी चाळीस वर्षं हेच केलं. जुन्या वस्तीतल्या निम्म्या छपरांवरून त्यांचा हात फिरलेला आहे. मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली आहे, आणि त्यातली सात तरी बोलणी खाण्यात गेली.

त्या आठवड्यात आमचं काम एका निवृत्त नर्सबाईंच्या घरावर होतं. जुन्या वस्तीची देखरेख करणारी एक कचेरी आहे. तिचा नियम असा, की निम्म्याहून जास्त कौलं नापास झाली तरच जुनं छप्पर काढून नवं घालता येतं. निकाल मिस्त्रीने द्यायचा, तोही लेखी. बाईंना जुनंच छप्पर हवं होतं. त्या मापाची कौलं आता कुठल्याच भट्टीत होत नाहीत, त्यामुळे फार नापास निघाली तर जुनं छप्पर राखता येणार नव्हतं.

"माझी आई याच छपराखाली गेली," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "मलाही इथूनच जायचंय. फक्त कोरडी जाऊ द्या म्हणजे झालं."

मी वरून कौलं उतरवत होते आणि बाबा अंगणात स्टुलावर बसून वाजवत होते. दुपारपर्यंत नापासांचा ढीग माझ्या कमरेला लागला. पास झालेली जेमतेम गुडघाभर. बाई दर तासाला बाहेर येऊन ढिगांकडे बघायच्या आणि गुपचूप आत जायच्या. तिसऱ्या खेपेला त्यांचे डोळे भरले होते.

"छप्पर गेलं म्हणायचं का, मिस्त्री?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"गेलं. संध्याकाळी कागदावर सही करतो."

जेवण झालं की बाबा भिंतीला टेकून जरा डोळे मिटतात. मला पाण्याची बाटली टेकवायला काहीतरी सपाट हवं होतं, म्हणून नापासांतलं एक कौल उचललं आणि सवयीने वाजवलं. खणखणीत. दुसरं उचललं, तेही खणखणीत. दहा वाजवली, त्यातली आठ पास होती.

मग एकेक आठवायला लागलं. जेवायला बाबांना तीनदा हाक मारावी लागते. फोन उचलत नाहीत आणि "वाजलाच नाही" म्हणून आमच्यावरच डाफरतात. आई म्हणते, त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं, आणि आम्ही हसतो. आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. सांगावं तर बाबा नाकावर माशी बसू देत नाहीत. न सांगावं तर बाईंचं धडधाकट छप्पर भंगारात. मी भित्र्यांचा मार्ग धरला. चांगली कौलं वाजवून हळूच पासांच्या ढिगाकडे सरकवायला लागले. माझी मलाच लाज वाटत होती, तरी हात थांबत नव्हता.

"काय चाललंय?" बाबा मागे उभे होते.

"ढीग कलंडत होता."

त्यांनी मी सरकवलेलं कौल उचलून वाजवलं. "हे बद्द आहे."

"खणखणीत आहे, बाबा."

"काय?"

"खणखणीत आहे!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाईंची खिडकी उघडली.

"चाळीस वर्षं झाली मला. आता तू शिकवणार?"

"पाठ करा माझ्याकडे. मी वाजवते, तुम्ही ओळखा."

मला वाटलं, आता शिडीच अंगावर येते. पण ते वळले. मी उघड दिसणाऱ्या तड्याचं एक कौल घेतलं आणि एक चांगलं. तड्याचं वाजवलं.

"नापास."

चांगलं वाजवलं.

"नापास."

पुन्हा चांगलंच वाजवलं. या वेळी त्यांनी मान कलती करून कान लावला.

"नापास," ते म्हणाले, आणि वळून माझ्या हातातलं कौल बघितलं.

"मिस्त्री, तुमचा काही दोष नाही," बाई खिडकीतून म्हणाल्या. "वय झालं की उंच, बारीक आवाज आधी जातात; मग खणखणीतही बद्द वाटतं." बाबांना ते ऐकू गेलं नाही. मीच त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं.

ते स्टुलावर बसले. त्यांना असं खांदे पाडून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी खांद्यावर हात ठेवला.

"यापुढे मी वाजवीन, तुम्ही बसवा. बाई कुठे बोलणार नाहीत. कुणाला कळायचं कारणच नाही."

"कधीपासून?"

"असेल वर्ष, दोन वर्षं."

बाबा बोटांवर या काळात नापास ठरवलेली घरं मोजायला लागले. तिसऱ्या बोटावर थांबले, उठले, डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं आणि फाटकाकडे निघाले.

"कुठे?"

"कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे. गेल्या वर्षी त्याचं सगळं छप्पर मी उतरवलं."

"त्या कौलांचा तर चुरा झाला, बाबा. सांगून परत येणार आहेत का?"

"नाही येणार."

"मग? नाव जाईल आपलं. उद्यापासून कोण उभं करेल दारात?" मी त्यांचा दंड धरला. त्या क्षणी मला शिंप्याची नाही, आमच्या नावाची पडली होती, हे कबूल करते.

"म्हातारा शिंपी विचारत होता, असं कसं झालं," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, तुझ्या बापाने छपराची हेळसांड केली. तेव्हापासून वस्तीभर तो बापाच्या नावाने बोटं मोडतो. त्याच्या बापाने काही केलं नव्हतं."

मी दंड सोडला. फाटकाशी जाऊन ते थांबले.

"तूही चल. तो काय बोलेल ते मला मोठ्याने सांग. शिव्या घातल्या, तर त्याही गाळू नकोस."