नेनेनचा वाटा

मित्रांनो, झाकणावरचे गुलाब पुसट झालेला आणि कडांना गंज चढलेला मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. देवाने मला हात दिले नाहीत, पाय दिले नाहीत. दिले ते फक्त पोट. त्या पोटात मी आजवर पुष्कळ काही सांभाळले. त्यातला एक केकचा तुकडा मात्र मी नको इतका सांभाळला.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. बिस्किटे पोटात घेऊन मी बोटीने कॅरियाकू बेटावर आलो आणि एका नाताळात मिस युडोराच्या घरी पोहोचलो. बिस्किटे आठ दिवसांत संपली. मग माझ्यात सुईदोरे आले, बटणे आली. युडोराला मूलबाळ नव्हते. मैत्रिणीच्या मुलीला, लेनोराला, बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातांवर घेतले होते, आणि मैत्रीण देवाघरी गेल्यावर ती पोर तिच्याकडेच वाढली. आमच्याकडे अशा धर्ममातेला नेनेन म्हणतात. लेनोरा तिला नेनेन म्हणे, म्हणून सारे गावच तसे म्हणू लागले.

लेनोरा ग्रेनाडाच्या मोठ्या बेटावर नोकरीला गेली, त्याच दिवशी नेनेनने मनुका, चेरी आणि सुके आलुबुखार रममध्ये भिजत घातले.

शेजारीण हसली. "अगं युडोरा, पोरीला अजून नवरा कुठे मिळालाय?"

"नवरा काय, मिळेल केव्हाही," नेनेन म्हणाली. "सहा वर्षं मुरलेला मेवा ऐन वेळी कुठून आणू?"

आणि खरोखर सहाव्या वर्षी तिकडच्याच गुयाव्ह गावच्या डेस्मंडशी लेनोराचे लग्न ठरले. नेनेनने काळा केक भाजला. पण लग्नाला पंधरवडा असताना ती पायरीवरून घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. मग तिने माझ्यातले सुईदोरे काढायला लावले, मला लख्ख घासून घेतले, केक आत ठेवला आणि गुयाव्हला बोट नेणाऱ्या ऑगस्टीन तांडेलाच्या हवाली केले.

"त्यांना म्हणावं, माझा वाटा याच डब्यात ठेवा. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचा नाही. दोघांनी यायचं, माझ्यासमोर बसायचं. डोक्यावर हात ठेवीन, मगच केक खाईन. आणि डबा माझा आहे, आंदण नाही दिलेला, हेही सांग!"

लग्न थाटात झाले. दुसऱ्याच दिवशी लेनोराने स्वयंपाकघराच्या भिंतीवर कामांची यादी लावली. चर्चमधून दाखला आणायचा. कचेरीत नाव बदलायचे. शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणि पातेली परत करायची. लग्नाचा पोशाख धुवून ठेवायचा. आहेरांबद्दल आभाराची पत्रे लिहायची. जे येऊ शकले नाहीत त्यांना केक पोचवायचा. सर्वांत खाली लिहिले होते : नेनेन.

महिन्याभरात एकेका ओळीवर काट बसली. राहिली ती शेवटची ओळ. बाकीच्या कामांना मुदत होती ना! कचेरीचा माणूस खोळंबून राहत नाही, आणि पातेलेवाली तर दारात येऊन उभी राहिली. नेनेनच्या कामाला मुदत नव्हती. शिवाय आमचा काळा केक रममध्ये असा मुरलेला असतो, की वर्षभर त्याला काही होत नाही.

"तुझ्या नेनेनचा केक आपल्या नातवंडांच्या लग्नालासुद्धा पुरेल," डेस्मंड म्हणाला. "जायफळाचा हंगाम उरकू दे, मग निवांत जाऊ."

दोघेही हसली. माझे झाकणही तेव्हा खुळखुळले, हे मी कबूल करतो.

हंगाम संपला तर समुद्र खवळला. समुद्र निवळला तर लेनोराला दिवस गेले. उलट्यांनी बेजार झालेली पोर बोटीत कशी बसणार? ती विसरली, असे मात्र कुणी म्हणू नये. दर महिन्याला ती मला उघडायची, केकवर चमचाभर रम शिंपडायची आणि झाकण घट्ट लावायची. केकची काळजी तिने फार घेतली.

तांडेल अधूनमधून दारात यायचा. "द्या इकडे, मी पोचवतो. म्हातारी रोज धक्क्याकडे तोंड करून बसते."

"नको हो तांडेलकाका. आमच्या हातानंच द्यायचं कबूल केलंय. बाळ झालं की तिघं येतो म्हणून सांगा."

"सांगतो बापडा. पण मागं हंगामाचं सांगितलं, मग समुद्राचं सांगितलं. म्हातारी म्हणते, 'ऑगस्टीन, तू तांडेल आहेस की थापाड्या?'"

आमच्या समोरच चॅपेल होते. दर रविवारी तिथले पास्टर गाऊन प्रवचन करत. नुसते बोललेले कानाशी थांबते. गायलेले काळजापर्यंत जाते. म्हणून फळीवर बसून मी ते जिवाचा कान करून ऐकत असे.

"उद्याचं घर पाहिलंय का कुणी?" पास्टर सूर लावत.

"नाही हो, नाही!" सारे चॅपेल झेलत असे.

"उद्याच्या ताटात जेवलंय का कुणी?"

"नाही हो, नाही!"

त्या सगळ्या गळ्यांत लेनोराचा गळा सर्वांत गोड होता.

बाळ तीन आठवड्यांचे झाले आणि तांडेल पुन्हा दारात आला. टोपी त्याच्या हातात होती. या वेळी त्याने डबा मागितला नाही.

दुसऱ्या दिवशीच्या बोटीने तिघे निघाली. हंगाम आड आला नाही, समुद्र आड आला नाही, बाळही आड आले नाही. मी लेनोराच्या मांडीवर होतो.

कॅरियाकूला कुणी देवाघरी गेले की त्या माणसासाठी त्याच्या आवडीचे पदार्थ टेबलावर मांडतात आणि त्याला सुखाने जेवता यावे म्हणून खोलीचे दार लावून घेतात. नेनेनसाठी मासे आले, मक्याचा कू-कू आला. शेवटी लेनोराने माझे झाकण काढले. खोलीभर रमचा आणि जायफळाचा वास दरवळला.

"बाई गं!" ती जुनी शेजारीण म्हणाली. "दीड वर्ष होत आलं, तरी केक किती ताजा!"

तोवर लेनोरा रडली नव्हती. ते ऐकले आणि नेनेनच्या रिकाम्या खुर्चीसमोर ती मटकन खाली बसली. बाळाला घेऊन डेस्मंडही तिच्याशेजारी बसला. दोघांनी माना खाली घातल्या. डोक्यावर हात आला नाही.

मित्रांनो, आता गुयाव्हमध्ये कुणाचेही लग्न झाले की लेनोरा मला त्या घरी देते. सोबत एकच गोष्ट सांगते : "यादीत सर्वांत म्हातारं नाव सर्वांत वर लिहा, आणि डबा चार दिवसांत रिकामा परत आणा." मला घासा, उन्हात वाळवा, गंजावर तेलाचे बोट फिरवा, पत्र्याला तेवढी काळजी पुरते. पण कुणी धक्क्याकडे तोंड करून बसले असेल, तर आधी उठा आणि त्याचा वाटा पोचवा. डबा भरलेला असला की शोभतो, असे लोक म्हणतात. मला मात्र आताशा रिकामे असले की बरे वाटते.