बडे बाबूंच्या खोलीतला बाक

मित्रांनो, माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका. आज माझा एक पाय विटेवर टेकवलेला आहे आणि पाठीचा रंग उडाला आहे, पण मी अस्सल सागवानी बाक आहे. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये टावरजवळ एका मिस्त्रीने मला घडवले, तेव्हा शिंदे महाराजांचे राज्य होते. मग बैलगाडीत घालून मला सेमलखेडीच्या छोट्या दवाखान्यात आणले. तिथे मला जागा मिळाली ती बडे बाबूंच्या खोलीत, आणि याचा मला अजूनही तोरा आहे.

बडे बाबूंचे नाव गोपाळकृष्ण दिघे. डॉक्टर रोग्यांना पाहत आणि बडे बाबू दवाखान्यातल्या माणसांना. कोणाला कामावर घ्यायचे, कोणाची पाळी कधी, कोणाला रजा, कोणाचे कोणाशी बिनसले, सगळे त्यांच्यापाशी येई. त्या काळी साहेबासमोर नोकराने उभे राहूनच बोलायचा रिवाज होता. बडे बाबूंना तो पटत नसे. कोणी गाऱ्हाणे घेऊन आले की ते टेबलामागून उठून माझ्यावर येऊन बसत, शेजारची जागा हाताने झटकत आणि म्हणत, "बैठो, फिर बोलो."

आलेला माणूस संकोचाने अगदी कडेला टेकायचा. बोलता बोलता तो मागे सरकून नीट बसला की मला बरे वाटे. कंपाउंडर श्रीनाथ तर दर उन्हाळ्यात तणतणत नोकरी सोडायला यायचा आणि चहा पिऊन परत कामाला जायचा. दवाखाना माझ्याच जोरावर चालतो, असे मला तेव्हा वाटू लागले होते.

नर्स रजनीबाई मात्र माझ्यावर कधी बसल्या नाहीत. त्या उज्जैनमधल्या माधव नगरच्या, ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. बाळंतिणींची खोली त्यांच्याकडे होती, आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका केवळ त्यांच्या भरवशावर येत. बडे बाबूंनी काही विचारले तर त्या दारातूनच म्हणत, "सगळं ठीक आहे, बाबूजी," आणि लगबगीने निघून जात. बडे बाबू खूश होऊन म्हणायचे, "रजनीबाईंची काही कटकटच नाही."

देश स्वतंत्र झाला. मग मध्यभारत नावाचे राज्य झाले आणि छप्पन साली मध्य प्रदेश. माझ्या पाठीवरचे सरकारचे नाव दर वेळी खरवडून नवे लिहिले गेले. मला गुदगुल्या होत, पण माणसांचे जीव टांगणीला लागत. नव्या राज्यात कोणाला कुठे ठेवावे, अशी विचारणा वरून झाली. बडे बाबूंनी एकेकाला माझ्यावर बसवून त्याची इच्छा विचारली. रजनीबाईंना तेवढे विचारले नाही. आपल्यातली मुलगी, खेड्यात एकटी पडली आहे, माधव नगरात सासरचे मोठे घर आहे, तर तिला उज्जैनलाच पाठवावे, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. उज्जैनच्या मराठी घरांत काळजी अशीच मायेने करतात. जिची काळजी, तिला विचारायचे मात्र राहून जाते.

हुकूम आला त्या दिवशी रजनीबाई पहिल्यांदा खोलीत आत आल्या.

"बाबूजी, माझी बदली कोणी मागितली?"

"मीच," बडे बाबू हसून म्हणाले. "आता आपल्या माणसांत राहाल. इथे एकटीनं किती दिवस काढणार?"

"एकटी मी तिथे होती, बाबूजी. सासरी मला कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं. इथे आली तेव्हा मी माणसांत आली. तुम्ही एक बार पूछ तो लेते."

बडे बाबूंचा चेहरा उतरला. त्यांनी शेजारची जागा झटकली. "बसा ना जरा."

"आता बसून काय होणार?" त्या म्हणाल्या आणि उभ्याउभ्याच निघून गेल्या.

बडे बाबू उज्जैनला गेले, भोपाळलाही जाऊन आले. निघालेला हुकूम फिरला नाही. रजनीबाई गेल्या आणि बाळंतिणींच्या खोलीला कुलूप लागले. अडलेल्या बायकांना गाडीतून उज्जैनला न्यावे लागे. श्रीनाथची बायको अनसूया वाटेतच बाळंत झाली, आणि मूल गेले. त्यानंतर श्रीनाथ माझ्यावर येऊन बसला तेव्हा त्याने नोकरी सोडण्याची भाषा केली नाही. बडे बाबू त्याच्या शेजारी बसून होते. मित्रांनो, मी लाकडाचा असलो तरी तो भार मला सोसवला नाही.

मग बडे बाबूंनी मला खोलीतून उचलून वॉर्डच्या दाराशी ठेवले. पुढच्या वर्षी प्रतिभा नावाची नवी नर्स आली, अबोल आणि कामसू. बाळंतिणींच्या खोलीचे कुलूप निघाले. तिची कामाची पाळी संपायच्या वेळी बडे बाबू माझ्यावर येऊन बसले.

"सब ठीक है, बाबूजी," ती लांबूनच म्हणाली.

"ठीक असेल. तरी बसा. मला घाई नाही."

ती बराच वेळ उभी राहिली. बडे बाबूही उठले नाहीत. शेवटी ती कडेला टेकली, पदराशी चाळा करत राहिली आणि खूप हळू म्हणाली, "क्वार्टरची कडी आतून नाही लागत, बाबूजी. मला रात्री नींद नाही येत. मी नोकरी सोडून घरी जाणार होती."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. प्रतिभाबाई पुढे तिथेच राहिल्या, आणि त्या खोलीत जन्मलेली मुले माझ्यावर चढून खेळली.

मित्रांनो, मला रंग द्या किंवा देऊ नका. पण तुमच्या घरात, वर्गात कधीच काही न मागणारे कोणी असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. "सगळं ठीक आहे," असे ते म्हणेल. तेवढे ऐकून लगेच उठू नका.