शेवटच्या वळणावरचा फोन

मित्रांनो, मी एक जुनी, राखाडी रंगाची लोखंडी पेटी आहे. हल्ली माझा मुक्काम एका प्रशिक्षण वर्गातल्या टेबलावर असतो. माझे झाकण काढून ठेवलेले आहे आणि नवखे तंत्रज्ञ माझ्या पोटात डोकावत असतात. बघा खुशाल! माझे काम तुम्हा सगळ्यांना रोज लागले, पण ते डोळ्यांनी कुणीच पाहिले नाही.

कारखान्यात मला आधी भट्टीसारख्या खोलीत तापवले, मग बर्फासारख्या खोलीत गारठवले. दोन्हींतून मी धडधाकट बाहेर आले. मग एका गावाच्या मैदानाशेजारी, मोबाइलच्या टॉवरखाली, उंच सिमेंटच्या ओट्यावर मला बसवले.

माझे काम वाटणीचे. फोन शेकडो, पण त्यांच्यासाठी हवेतली वाट एकच. मी प्रत्येक क्षणाचे बारीक बारीक तुकडे करायची आणि पुढचा तुकडा कुणाचा, ते ठरवायची. बोलणे सर्वांत आधी, कारण उशिरा पोचलेला शब्द काही कामाचा नसतो. निरोप डोळ्याचे पाते लवेपर्यंत थांबू शकतो. चित्रपट तर पुढचा थोडा भाग आधीच साठवून ठेवतो. त्याला थांबवले तरी चालते. आणि ज्याला बराच वेळ काही मिळाले नाही, त्याला मी हाताला धरून पुढे ओढायची. या कामात माझा हात कुणी धरला नसता!

माझी देखभाल एक अभियंता मुलगी करायची. मैदानावरची पोरे तिला टॉवरताई म्हणत. तिचा थोरला भाऊ रुग्णवाहिका चालवायचा. डोंगरातल्या खाणीकडून परतताना तो घाटाच्या शेवटच्या वळणावर गाडी उभी करी. तिथे माझा सिग्नल सर्वांत क्षीण पोचायचा. मुद्दाम तिथूनच तो बहिणीला फोन लावी.

“ऐकू येतंय का, चिमणे?”

“येतंय, दादा. जेवलास का?”

एवढेच. पण त्यांची ही तपासणी कधी चुकली नाही.

एकदा मैदानावर मोठा अंतिम सामना होता. माणसांनी मैदान फुलले होते आणि प्रत्येकाच्या हातात फोन, फोनवर हलती चित्रे. ताईचे साहेब म्हणाले, “आज वेगाचा आकडा वरच्यांना दाखवायचाय. काहीतरी कर.” ताईने माझा नियम बदलला: ज्याचा सिग्नल जोरदार, त्याला आधी द्यायचे. हिशेब बरोबर होता. जवळचा फोन एका तुकड्यात भरपूर माल नेतो. लांबच्याला तेवढ्याच मालासाठी कितीतरी तुकडे लागतात. जवळच्यांनाच वाढत राहिले की एकूण आकडा फुगतो. मी हुकमाची ताबेदार. बळी तो कान पिळी, असा कारभार सुरू झाला. आकडा सरसर चढला आणि साहेबांनी टाळी वाजवली.

तेवढ्यात वळणावरून फोन आला. बोलण्याची रांग वेगळी असल्यामुळे आवाज स्वच्छ होता.

“चिमणे, गाडीत खाणीतला क्रेनवाला आहे. छातीत कळ आलीय. नर्सबाई हृदयाचा आलेख पाठवतायत, पण तो जातच नाही. पुढे फाटा आहे. डावीकडं जवळचा दवाखाना, उजवीकडं मोठं रुग्णालय. आलेख बघितल्याशिवाय डॉक्टर सांगत नाहीत कुठं न्यायचं ते!”

“असं कसं होईल, दादा? आज तर वेग कधी नव्हता इतका आहे!”

“तुझा वेग घाल चुलीत! मला इथं काय मिळतंय ते बघ!”

ताईने सकाळपासून फक्त एकूण आकडा पाहिला होता. आता तिने सर्वांत मागे राहिलेला फोन शोधला. तो नर्सबाईंचा होता आणि त्याच्या वाट्याला जवळजवळ काहीच आले नव्हते. तिने लगेच जुना नियम परत लावायला घेतला.

“अगं, सामना संपेपर्यंत तरी थांब ना,” साहेब म्हणाले.

“सर, सामना पुन्हा बघता येतो.”

तिने रुग्णवाहिकेला सगळ्या चित्रांच्या पुढची जागा दिली, कायमची. मग मी आहे आणि माझे काम आहे! तुकड्यामागून तुकडा मी त्या वळणाला दिला. मैदानावर एक काका ओरडले, “गेलं वाटतं नेटवर्क!” त्यांनी फोन तळहातावर आपटला, आणि तो आपटेपर्यंत त्यांचे चित्र परत आलेसुद्धा. तिकडे आलेख पोचला होता. डॉक्टर म्हणाले, “उजवीकडे वळा. आम्ही तयारीत राहतो.”

गाडी उजवीकडे वळली. माणूस वाचला.

पुढे माझी जागा नव्या पेटीने घेतली. मला ओट्यावरून उतरवायला क्रेन आली आणि क्रेनवर तोच माणूस होता.

“सांभाळून हं, मामा,” ताई म्हणाली. “तुमचा आलेख हिच्यातूनच गेला होता.”

त्याने मला इतके अलगद खाली ठेवले की माझ्यावर भरलेला चहाचा कप असता, तरी हिंदकळला नसता.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. गर्दीत असाल तेव्हा, बघत नसलेले चित्र बंद करा; ती वाट तुमच्या एकट्याची नाही. आणि मोठेपणी कसलीही वाटणी तुमच्या हाती आली, तर एकूण किती वाटले ते नंतर मोजा. शेवटच्याला काय मिळाले, ते आधी बघा.

टॉवरताई आता याच वर्गात शिकवते. मध्येच तिचा फोन वाजतो. ती खडू खाली ठेवते आणि फोन उचलते.

“ऐकू येतंय का, चिमणे?”

“येतंय, दादा,” ती म्हणते आणि माझ्या पाठीवर हळूच हात ठेवते. “जेवलास का?”