नभनाथ महाराजांची फ्रिक्वेन्सी

गुरुवारची संध्याकाळ झाली की पनवेलच्या आमच्या आळीत सायकल घालायलाही जागा उरत नसे. महाराजांनी मठ थाटलेल्या मंगल कार्यालयाच्या दारात चपलांचा ढीग आणि आत बायाबापड्यांची दाटी. ज्यांना आत शिरता येत नसे ते घरी पळत आणि टीव्ही लावून हात जोडून बसत. कारण नभनाथ महाराज टीव्हीतही दिसत. केबलवाल्या जगनने कॅमेऱ्याची वायर आपल्या कंट्रोल रूममध्ये नेऊन एका रिकाम्या चॅनेलवर चढवली होती. त्यात चमत्कार काही नव्हता, पण लोक टीव्हीच्या काचेला हळदकुंकू लावत होते.

हे चौऱ्याण्णव साल. केबल घरोघरी आली होती, तिचे शब्द मात्र कुणाला नीट ठाऊक नव्हते. महाराजांचं फावलं ते तिथेच.

“बाळांनो, तुमच्या गच्चीवर डिश आहे, माझ्या भ्रूमध्यात डिश आहे!” महाराज डोळे मिटून सांगत. “तुमची डिश सॅटेलाइटचा सिग्नल पकडते, माझी जिवाचा पकडते. प्रत्येक आत्म्याची फ्रिक्वेन्सी असते. श्रद्धेचा बूस्टर लावा, चित्र स्वच्छ दिसेल!”

मी शाळेत विज्ञान शिकवते. एखाद्या मुलाने पेपरात हे लिहिलं असतं तर मी त्याला भोपळा दिला असता. पण महाराज पुढे जे करत, त्याचा उलगडा मलाही होत नसे. मान तिरकी करून ते म्हणत, “सिग्नल येतोय... खरखर आहे... हां, आला!” आणि कुणाच्या तरी बंद दाराआडची गोष्ट सगळ्या गावापुढे मांडत. वकिलांच्या घरातली वाटणी. खुद्द जगनचं भावाशी झालेलं भांडण. ऐकणारा पांढराफटक पडे आणि पुढच्या गुरुवारी पहिल्या रांगेत बसे.

एका गुरुवारी आमचा नंबर लागला.

वडील गेल्यापासून घरात आम्ही तिघीच होतो. आई, मी आणि धाकटी अनुया. अनुयाला लहानपणी फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्यावर त्या थांबल्या, इतक्या की आम्हीही विसरून गेलो. निनादशी तिचं लग्न ठरलं, तेव्हा तिने पहिल्याच भेटीत त्याला हे सांगितलं होतं. त्याच्या आईवडिलांना रविवारी बसून सांगायचं ठरलं होतं. आई त्याबद्दल फोनवर दादरच्या मामाशी बोलली. बस, एवढंच.

“या आळीत एक घर आहे,” महाराज टीव्हीतून म्हणाले. “थोरली मास्तरीण, धाकटी नवरी. धाकटीच्या अंगात बाधा आहे! घरचे लपवतायत. गोळ्यांनी बाधा बांधली जाते, जात नाही. गोळ्या बंद करा, अंगारा घ्या.”

निनादच्या आईनेही ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, लग्नाचं तूर्त राहू द्या. निनाद येऊन दारात रडवेला उभा राहिला, पण घरच्यांपुढे त्याचं काही चाललं नाही.

माझी आई भोळी नव्हती. पण जी गोष्ट तिने फक्त भावाला सांगितली, ती महाराजांना कळली म्हटल्यावर तिचा धीर सुटला. मला न सांगता तिने गोळ्या बंद केल्या. खचलेल्या अनुयानेही मान डोलावली. मी शाळेतून आले तेव्हा ती ओट्याखाली पडली होती. पोळ्या करताना फिट आली होती, आणि उजवा तळवा तापल्या तव्यावर टेकला होता.

दवाखान्यात तिच्या हाताला पट्टी बांधताना मी तिच्याकडे पाहत होते. रडू आलं नाही. तो माणूस गावातून पळून जाता कामा नये, एवढंच मनात घोळत होतं. ज्या चॅनेलवर त्याने माझ्या बहिणीला उघडं पाडलं, त्याच चॅनेलवर मला तो उघडा पडलेला हवा होता.

संध्याकाळी शेजारच्या शरीफाभाभी मलम घेऊन आल्या. बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.

“नीताताई, एक बात बोलू? रागावू नका. तुमच्या अम्मींचा आवाज आमच्या रेडिओत येतो.”

“काय?”

“कसम से. मी उर्दू बातम्या शोधत काटा फिरवते ना, तो पार उजव्या टोकाला गेला की येतो. मामांचा पण येतो. मी लगेच बंद करते. शरम वाटते ऐकायला.”

आमचा फोन बिनवायरचा होता. भाभींचे यजमान अब्दुल्लाभाई यांनीच तो कुवेतहून आणून दिला होता. मग मी आठवत गेले. वकिलांकडे तसलाच फोन. जगनकडे तसलाच. ज्यांच्याकडे असा फोन नव्हता, त्यांच्या आत्म्याचा सिग्नल महाराजांना एकदाही आला नव्हता.

“भाभी,” मी म्हटलं, “या गुरुवारी माझं एक काम कराल?”

“त्या पोरीच्या हातासाठी? दोन करीन.”

बुधवारी मी तोच फोन उचलला आणि शाळेतल्या मैत्रिणीला सांगितलं, अगदी गळा दाटून आल्यासारखं, की सुकापूरचे आमचे दूधवाले काशिरामदादा वारले. मरताना त्यांनी माझ्या हातात एक वस्तू दिली आहे. कुणाला बोलू नकोस. मैत्रीण सामील होती, ती छान हुंदके देत होती. काशिरामदादांना मी आधीच विचारलं होतं. ते खो खो हसले. “मारा मला बाई! पर सभेला न्याल ना?”

गुरुवारी मी कार्यालयात पुढेच बसले. व्यासपीठामागच्या खोलीतून एक तार गच्चीवर गेलेली मी आधीच बाहेरून हेरून ठेवली होती. कॅमेरा सुरू झाला. महाराजांनी मान तिरकी केली.

“सिग्नल येतोय... एक आत्मा तळमळतोय. काशिराम नाव. सुकापूरचा. मरताना त्याने एका मास्तरणीच्या हातात वस्तू दिली. ती वस्तू माझ्या चरणी येईपर्यंत त्याला गती नाही!”

सभा कळवळली. मागच्या रांगेतून धोतर सावरत एक माणूस उठला.

“म्हाराज, काशिराम मीच हाय. सकाळीच दूध घालून आलोय. तुमच्या मठात बी घातलंय, तुमी नाव न इचारता चहा प्यायलात त्याचा!”

आधी एक बाई हसली. मग हशा पसरत गेला. महाराज ओरडले, “ही दुष्ट शक्तीची खरखर आहे! जगन, कॅमेरा बंद कर!”

जगन कॅमेऱ्यामागे उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, महाराजांकडे पाहिलं आणि हात खिशात घातले. “चालू राहू दे,” तो म्हणाला. “माझं भांडण दाखवलं तेव्हा चालूच होता.”

मी व्यासपीठावर चढले आणि महाराजांच्या मागचा भगवा पडदा ओढला. पडद्यामागच्या खोलीत शिष्य आनंदा कानाला हेडफोन लावून बसला होता. पुढ्यात मोठा रेडिओ, आणि खिडकीतून गच्चीवर गेलेली तीच लांब तार. मी हेडफोनची पिन उपटली, काटा पार उजव्या टोकाला नेला आणि रेडिओ माइकपुढे आणून ठेवला.

आमच्या घरी शरीफाभाभी आईबरोबर टीव्हीसमोर बसल्या होत्या. मी रेडिओ ठेवला की त्यांनी फोन उचलून एक ते दहा आकडे म्हणायचे, असं ठरलं होतं. रेडिओ खरखरला. आकडे आले नाहीत. आईचा आवाज आला.

“नभनाथ, मी अनुयाची आई बोलतेय. माझ्याच घरातून, माझ्याच फोनवरून. ऐकू येतंय ना? तुला नेहमी येतं ते. तुझ्या शब्दावर मी पोरीच्या गोळ्या बंद केल्या. तिचा हात जळला. आता सांग गावाला, तिच्या अंगात काय होतं?”

तो आवाज रेडिओतून माइकमध्ये, माइकमधून केबलवर, केबलवरून घराघरात गेला. महाराज मागच्या दाराकडे सरकले. तिथे काशिरामदादा उभे होते. मला दया आली नाही, आजही येत नाही. पोलिस येईपर्यंत मी त्याला त्याच व्यासपीठावर, त्याच कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं, आणि लोकांना एकेक शब्द सोडवून सांगितला.

“बिनवायरचा फोन म्हणजे लहानसं रेडिओ केंद्र. भिंतीजवळचा डबा आणि हातातला रिसीव्हर यांच्यात वायर नाही, म्हणून तुमचं बोलणं हवेतल्या लहरींवरून जातं. लहर एका सेकंदात किती वेळा हेलकावते, त्या आकड्याला म्हणतात फ्रिक्वेन्सी. रेडिओचा काटा त्या आकड्यावर आणला की बोलणं त्यातही ऐकू येतं. लहरीला भिंत अडवत नाही आणि ऐकणारा कोण तेही तिला कळत नाही. सिग्नल म्हणजे लहरीवरून आलेला निरोप. बूस्टर म्हणजे क्षीण झालेला सिग्नल जोरदार करणारं यंत्र. यात आत्मा कुठेच नाही.”

फिर्याद आईने स्वतः दिली. मठाला कुलूप लागलं. निनादच्या आईवडिलांना निनादच आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि लग्नाची नवी तारीख धरली. अनुयाच्या तळव्यावरचा डाग मात्र राहिला.

तेव्हा माझं सांगणं एवढंच आहे. यंत्रं येतच राहणार, आणि प्रत्येक यंत्राबरोबर नवे शब्द येणार. तो शब्द वापरून कुणी तुमच्यापुढे देव होऊन बसला, तर हात जोडू नका. उभे राहा आणि विचारा, याचा अर्थ काय? जो सांगू शकत नाही, त्याच्या शब्दावर आपल्या माणसाचं औषध बंद करू नका.