उन्हातून आलेलं दूध

घनसावंगीहून सुटलेल्या काळीपिवळी जीपमध्ये कुणाचंही लेकरू रडलं, की माझा ब्लाउज भिजायचा. लेकरू दुसरीचं आणि पान्हा मला. मी पदर ओढून घ्यायची आणि बाहेरचा ऊस बघत बसायची. घरी माझा ऋषी माझी वाट बघत असेल, असं मनाला सांगायची. खरं तर तो वाट बघत नव्हता, आणि तेच माझं दुखणं होतं.

बाळंतपणाची रजा संपली तेव्हा ऋषी जेमतेम पाच महिन्यांचा. पतसंस्थेतली नोकरी मला सोडायची नव्हती, म्हणून दिवसभर बाटली आणि संध्याकाळी अंगावरचं, असं ठरलं. ठरवायला काय जातंय? मी घरात शिरून त्याच्याकडे झेपावणार, तर सासूबाई उंबऱ्यातच अडवायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. उन्हातून आलेल्या बाईचं दूध तापलेलं असतं, ते आधी पिळून टाकायचं, हा त्यांचा कायदा. तेही कुठंही नाही; कुणाचा पाय पडू नये म्हणून परसातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी. मग हातपाय धुवायचे, अंग निवेपर्यंत बसायचं, आणि मग कुठं लेकरू मांडीवर. तोवर ते भुकेनं आकांत करायचं, म्हणून आत्याबाई त्याच्या तोंडाला बाटली लावायच्या. पोट भरलेला ऋषी माझ्याकडे आला की दोनदा ओढायचा आणि तोंड फिरवायचा. बाटलीतलं आपोआप येतं, इथं मेहनत करावी लागते, एवढं त्यालाही कळत होतं.

कढीपत्ता मात्र झकास वाढला. नवरा, कल्याण, या भानगडीत पडत नसे. हे बायकांचं आहे म्हणायचा आणि शेतात मोटार बघायला निघून जायचा.

हळूहळू झाडाच्या बुडाशी पडायचं तेही कमी झालं. एके दिवशी जीपमध्ये एक तान्हं रडून रडून थकलं, तरी माझा पदर कोरडाच. फाट्यावर उतरले आणि तिथंच रडू फुटलं. मला माझ्या लेकराला पाजायचं होतं, दुसरं काही नको होतं. पिताना त्यानं मंगळसूत्र मुठीत धरायचं, मध्येच थांबून वर बघून हसायचं, हे मला परत हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना गाठलं. त्यांनी नीट समजावलं. अंगावरचं दूध उन्हानं तापत नाही की नासत नाही. घरी गेल्या गेल्या, बाटलीच्या आधी पाजायचं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध वाढतं. कामावर असतानाही मधून मधून पिळून काढायचं, नाहीतर ते आटत जातं. दिवसा दूध द्यायचं ते बाटलीपेक्षा वाटी-चमच्यानं.

घरी आले ती भांडायच्या तयारीनंच. आत्याबाई ज्वारी पाखडत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं, आवाजही चढला असेल. वाटलं, आता त्या उसळणार. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"उन्हानं दूध खराब होतच न्हाई म्हणती का ती?"

"बिलकुल नाही म्हणाल्या."

"मंग माझी उमा कशानं गेली?"

उमा कोण, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. कल्याणच्या आधीची त्यांची पोर. सुपातल्या दाण्यांकडे बघत आत्याबाईंनीच सांगितलं. दसऱ्यानंतरच्या उन्हात कापूस वेचून घरी आल्या, तशाच बसून पाजलं, संध्याकाळी पोरीला ताप चढला, आणि सकाळी ती गेली. तापलेलं दूध पाजून तूच मारलीस, असं त्यांची सासू म्हणाली. तेव्हापासून त्या तेच खरं धरून बसल्या होत्या.

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"तुमच्या दुधानं नाही गेली, आत्याबाई," एवढंच म्हणाले.

त्यांनी सूप परत हातात घेतलं. त्या संध्याकाळी ऋषीला बाटलीच मिळाली, आणि मीही वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी जीप फाट्यावर थांबली, तर आत्याबाई लिंबाखाली उभ्या. खांद्यावर ऋषी, रडून लालबुंद. माझी नजर बाटली शोधत होती, ते त्यांना कळलं.

"न्हाई आणली," त्या म्हणाल्या. "इथंच पाज. जल्दी."

मी घामानं चिंब, पाय धुळीनं भरलेले. तशीच पारावर बसले. आत्याबाईंनी पदराचा आडोसा धरला. ऋषीनं तोंड फिरवलं, किंचाळला, परत फिरवलं. मी एक थेंब त्याच्या ओठावर पिळला. तो थांबला. मग त्यानं धरलं, आधी रागारागानं आणि मग सावकाश. छातीत ओळखीची कळ उठली, आणि मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा आत्याबाईंचा तळवा त्याच्या कपाळावर होता. त्या हात काढायच्या आणि परत ठेवायच्या.

"गारच आहे तो," मी म्हणाले.

"उमा बी अशीच पेयाची," त्या म्हणाल्या. "माझी पोत मुठीत धरून."

ऋषीच्या मुठीत माझं मंगळसूत्र होतं. आत्याबाई त्या मुठीकडे बघत राहिल्या. त्याचं पिऊन झालं, तो झोपला, तरी त्यांनी धरलेला पदर खाली घेतला नाही.