दुसऱ्या कागदावरची सही

हे लिहायचं जवळजवळ टाळलंच होतं, कारण यात घडतं ते एवढंच: एका लिफ्ट मेकॅनिकनं एका कागदावर सही केली.

शाळेतल्या टेबलाच्या पलीकडे पाच जण आणि अलीकडे तो एकटा. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. पलीकडे मोठ्या बाई, वर्गाच्या बाई, मानसतज्ज्ञ, आणखी दोघं. बोलणं त्याच्या आठ वर्षांच्या चिमणीबद्दल चाललं होतं, पण त्यात चिमणी कुठे दिसेना. आयईपी, एसएलडी, एलआरई. तो मान हलवत राहिला. विचारावं असं दोनदा ओठांवर आलं. पण बापालाच काही कळत नाही, मग लेकीचं काय, असं त्यांच्या मनात आलं तर? त्यानं प्रश्न गिळला.

मग दोन कागद आले. पहिल्यावर सगळ्यांच्या हजेरीच्या सह्या. दुसरा फक्त त्याच्यापुढे ठेवला. आता लिफ्टवाल्यांची एक खोड असते. काम सुरू झालं की हात ग्रीसनं बरबटतात, म्हणून जॉब कार्डावर सही आधीच ठोकून मोकळं व्हायचं. बारा वर्षांची सवय. पेन हातात आलं आणि सही झालीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी एका इमारतीच्या गच्चीवर, मशीन रूमच्या सावलीत, डबा खाताना त्यानं खिशातली त्या दुसऱ्या कागदाची प्रत वायरमनला दाखवली. वायरमन म्हणजे त्याचा कामातला जोडीदार, वयानं बराच मोठा, पण आठ वर्षांत दोस्तच झालेला. त्यानं कागद दोनदा वाचला. घास खाली ठेवला.

"सही तुझीच?"

"हो. हजेरीची."

"हजेरी कसली रे. सोमवारपासून तिला मागच्या इमारतीतल्या वेगळ्या वर्गात बसवायला तू संमती दिलीयस."

चिमणीला अक्षरं लागत नाहीत, ती जागच्या जागी उड्या मारतात म्हणते. पण वर्गात शेजारी बसणारी मैत्रीण तिला धडा वाचून दाखवते आणि चिमणी तिच्या वहीत चित्रं काढून देते. सगळ्या शाळेत तिच्याशी बोलणारी ती एकच.

वायरमननं एकेक शब्द सोडवून सांगितला. एसएलडी म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, बुद्धीची नव्हे. आयईपी म्हणजे या एकाच मुलासाठी आखलेला अभ्यास. आणि एलआरई म्हणजे शक्य तितकं इतर मुलांबरोबरच बसवायचं.

"म्हणजे हे आपल्याच बाजूचं होतं की."

"होतं. तू विचारलं नाहीस. आपण नाही का सोसायटीवाल्यांपुढे लिफ्टचे एआरडी, व्हीव्हीव्हीएफ असले शब्द फेकत? तेही नंदीबैलासारखे माना डोलावतात."

दोघं हसले, पण हसू टिकलं नाही. दिलेली संमती लेखी परत घेता येते, कायद्यात तशी सोय आहे, मीटिंगला सोबत माणूसही नेता येतो, हेही वायरमननंच सांगितलं. याला एवढं सगळं कसं ठाऊक, हे विचारायचं त्या गडबडीत राहून गेलं.

अर्धा दिवस रजा टाकून तो शाळेत गेला. चार ओळींचा अर्ज लिहायला त्याला तासभर लागला. मोठ्या बाईंनी तो वाचला, शिक्का मारला. गुरुवारी पुन्हा बसू, तोवर मुलगी आहे त्याच वर्गात राहील, म्हणाल्या. मग चष्मा काढून, जरा हळू आवाजात, "तुम्ही विचारायचं होतंत."

"भीती वाटली, बाई."

त्यांनी चष्मा परत चढवला आणि शिक्क्याची प्रत त्याच्यापुढे सरकवली.

संध्याकाळी त्यानं वायरमनला गाठलं. गुरुवारी बरोबर ये म्हणाला. बोलू नकोस, नुसता बस. वायरमन पक्कड पुसत राहिला.

"येतो. माझ्या पोराच्या वेळी कुणी नव्हतं. मीही अशीच सही केली होती."

आठ वर्षांत वायरमननं पोराचा विषय कधी काढला नव्हता. याला वाटायचं, त्याला मूलबाळच नाही.

"तिशीचा झाला आता. घरीच असतो. वेगळ्या शाळेत घातला, मग शेजारची पोरंही यायची बंद झाली. अजून कुणी येत नाही."

तो वायरमनशेजारी टेकला.

"बोलतो का तो?"

"फारसा नाही. माणूस नवा असला तर अजिबातच नाही."

"मी येतो त्याला भेटायला," तो म्हणाला. "या रविवारी. आणि नाही बोलला, तर पुढच्याही."